हरिबाचा डावा खांदा

सकाळची पाळी असली की हरिबाच्या खोलीचं दार साडेपाचला आतून लोटलेलं असायचं. चाळीतल्या बायकांना वाटायचं, माणूस देवपूजा करीत असेल. आत चाललेलं असायचं वेगळंच. म्हाळसाबाई खाकी शर्टाची डावी बाही धरून नवऱ्याच्या मागं उभी, आणि हरिबा दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतोय.

“हात मागं करा की जरा.”

“केलाय.”

“ह्यो केलाय? ह्यो तर पोटाशीच हाय अजून.”

“मग वढ. पर बेतानं वढ. हात हाय, मेंढराचा पाय न्हाय.”

मेंढराचा पायसुद्धा तिनं कधी इतक्या बेतानं धरला नव्हता. बाही कोपरापर्यंत यायची, तिथं अडायची. मग हरिबा डोळे मिटायचा, ती एकदम ओढायची, आणि त्याच्या तोंडून ‘हाय रं बिरोबा’ निघायचं ते ऐकून शेजारच्या बायकांची देवपूजेबद्दलची खात्री आणखी पक्की व्हायची.

चाळिशीचा उंचपुरा गडी. गिरणीच्या गेटावरचा वॉचमन. त्याला बायको शर्ट घालते, हे गेटावर कळलं असतं तर तीनही पाळ्यांना हसायला विषय झाला असता. त्यातून खांदा दुखावला कशानं, तर कापडाची गाठ उचलताना नव्हे, मारामारीत नव्हे. बाण मारून.

हरिबाचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाला. घरची साठ मेंढरं होती, बाप बिरप्पा असेपर्यंत ऐंशी होती. बाहत्तरच्या दुष्काळात चारा गेला, पाणी गेलं, मग मेंढरं गेली. त्या मेंढरांच्या लोकरीचं एक घोंगडं तेवढं ट्रंकेत घालून नवरा-बायको सोलापुरात आली. गिरणीनं त्याची उंची बघितली आणि गेटावर उभा केला. म्हाळसाबाई घरबसल्या हातमागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरायला लागली. दिवसभर चरख्यावर सूत फिरायचं आणि तिची नजर सुतावर. कुठं पीळ जास्त पडला, कुठं धागा ढिला गेला, हे तिला बोटाच्या आधी डोळ्यांना कळायचं.

गेटावर हरिबाला नाव नव्हतं. “ए वॉचमन, दार उघड.” “ए वॉचमन, सायकल बघ रे.” गावाकडं ज्याला दोन माळ पलीकडचं मेंढरू कुणाचं हे विचारायला लोक यायचे, तो माणूस सहा वर्षं डब्यांच्या पिशव्या तपासत उभा होता.

नवी पेठेच्या मागं एक तालीम होती. तिथले सिद्धलिंगप्पा मास्तर फौजेतून निवृत्त होऊन आलेले, मूळचे अक्कलकोटचे. रागावले की कानडीत बोलायचे, आणि रागावलेलेच असायचे. त्यांनी दोन वर्षांमागं कुठूनसं डोक्यात घेतलं की तालमीत कुस्तीबरोबर धनुर्विद्याही शिकवायची. बुरुडाकडून बांबूची चार धनुष्यं करवून घेतली, कुंभारी गावच्या रस्त्याला एका माळावर गवताचे भारे रचून त्यावर आकड्यांचे घेर काढलेल्या कागदी चकत्या लावल्या. हरिबा एका संध्याकाळी नुसता बघायला म्हणून गेला होता. मास्तरांनी त्याच्या हातात धनुष्य दिलं. त्याचा तिसरा बाण मधल्या पिवळ्यात.

“डोळा कुठं मिळवलास रे हा?” मास्तर म्हणाले.

“मेंढरामागं, मास्तर.”

“डोळा आहे. हात नाही. हात मी देतो.”

त्या दिवसापासून पाळी नसेल तेव्हा हरिबा माळावर. तालमीच्या फळ्यावर खडूनं नावं लिहिलेली असायची, त्यात त्याचं नाव वर वर सरकत गेलं. वर्षभरात तो पहिल्या तिघांत होता. फळ्यावर पूर्ण नाव लिहायचे: हरिबा बिरप्पा. म्हाळसाबाईला वाचता येत नव्हतं, तरी एकदा बाजाराहून येताना त्यानं तिला वाट वाकडी करून तो फळा दाखवला होता.

मग गेल्या माघात कलकत्त्याहून नवीन धनुष्य आलं. बांबूच्या दुप्पट कडक. आणि हरिबाचा खांदा गेला.

पहिल्यांदा नुसतं टोचायला लागलं. मग रात्री कूस बदलता येईना. मग लोटा उचलता येईना. आणि चीड येण्यासारखी गोष्ट ही, की दुखायचा तो डावा. दोरी ओढायची उजव्या हातानं. जोर काय तो उजव्याचा. डाव्यानं धनुष्य नुसतं समोर धरायचं. जो काम करतो तो उजवा ठणठणीत, आणि जो उभा राहतो तो डावा खलास. हरिबाला हे स्वतःच्याच नोकरीसारखं वाटायचं. गेटावर नुसतं उभं राहून माणूस इतका थकतो कसा, हे तरी कुणाला पटतं?

उपाय सगळे झाले. कुंभारीच्या हाडवैद्यानं अंगठ्यानं दाबून डोळ्यांतून पाणी काढलं आणि आंबेहळदीचा लेप दिला. तिळाच्या तेलात लसूण कढवून झाली. विटकरीचा शेक झाला. शेवटी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी हात वर करून बघितला, हाडाखाली स्नायू घासला जातोय म्हणाले, आणि सांगितलं, “सहा महिने धनुष्य बंद.”

“दसऱ्याच्या तोंडावर निवड हाय, सायेब.”

“मग दसऱ्यानंतर माझ्याकडे येऊ नका.”

निवड होती ती पुण्याच्या राज्य सामन्यांची. सोलापुरातून तिघं जायचे. दोघांची नावं ठरल्यात जमा होती. तिसऱ्या जागेवर एक तर हरिबा, नाही तर तिप्पण्णा. तिप्पण्णा त्याच गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होता, तोंडाचा फटकळ, हाताचा सरळ. त्याचा बाण कधी फार भारी बसायचा नाही, पण फार वाईटही जायचा नाही. हरिबाचे पहिले दहा बाण तिप्पण्णाला मान खाली घालायला लावायचे. अकराव्यापासून खांदा बोलायला लागायचा, आणि विसाव्याला हरिबा बाण कुठं गेला हे बघायचंही सोडून द्यायचा. निवडीला छत्तीस बाण होते.

“भुजा केळगे!” मास्तर ओरडायचे. भुजा म्हणजे खांदा, केळगे म्हणजे खाली. एवढं कानडी माळावरच्या कुत्र्यांनाही यायला लागलं होतं.

“खालीच हाय की, मास्तर!”

“कुठं खाली? कानाला लागलाय!”

“न्हाय वो. खाली हाय.”

मग मास्तर येऊन तळव्यानं खांदा दाबायचे. दाबला की जायचा खाली. हात काढला की परत वर, विहिरीत पोहायच्या वाळल्या भोपळ्यासारखा. आणि सगळ्यात वाईट हे की हरिबाला तो वर गेलेला कळायचाच नाही. त्याच्या हिशेबी खांदा जिथं असायला पाहिजे तिथंच होता.

“हरिबा,” तिप्पण्णा भाऱ्यातून बाण उपसत म्हणायचा, “खांदा कानाशी नेऊन काय इचारतूस त्याला? पुण्याची गाडी किती वाजता हाय?”

“तुजं तोंड बंद कर. न्हाय तर पुढचा बाण गवतात जानार न्हाय.”

“जाईल कुटं? तुजा बाण कुटं जातोय हे तुला तरी ठावं हाय का?”

हसायचे सगळे. हरिबाही हसल्यासारखं करायचा. पण घरी येताना सायकलच्या पायडलवर असा राग काढायचा की दोनदा साखळी तुटली.

घरी आलं की म्हाळसाबाई तेल घेऊन बसलेली. तिनं त्याला धनुष्य सोडा असं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि याचाही त्याला राग यायचा. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

नवरात्राची धुणी काढायची म्हणून पितृपंधरवड्याच्या पहिल्या दिवशी तिनं घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं बाहेर काढलं. ट्रंकेतलं घोंगडंही उन्हाला घालायला काढलं. दोरीवर आधीच वाकळा होत्या. हरिबा दारात उभा होता, पाळीवरून नुकताच आलेला.

“हे धरा जरा,” म्हणून तिनं घडी त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवली आणि दोरी मोकळी करायला वळली.

वळली आणि थांबली. परत फिरून त्याच्याकडं बघायला लागली.

“काय झालं?”

“काय न्हाय.” तिनं घोंगडं खांद्यावरून उचललं. बघितलं. परत ठेवलं. बघितलं. परत उचललं.

“अगं, खेळ लावलास का माजा?”

“अवो, कुनाच्या बी खांद्यावर घोंगडं ठिवलं तर तो खांदा उचलतो की न्हाय? पडू ने म्हनून?”

“उचलनारच की.”

“तुमी उचलला न्हाय.”

“मग?”

“आदीच उचललेला हाय. घोंगडं ठिवलं तरी तितंच, काडलं तरी तितंच.” ती जरा लांब गेली, डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत राहिली, सुताकडं बघायची तशी. “सा वर्सं झाली. खांद्यावर घोंगडं न्हाय. आन् तुमी अजून संबाळताय.”

हरिबा आत गेला. भिंतीला टेकवलेला कपडे वाळत घालायचा बांबू उचलला, डाव्या हातानं समोर धरला आणि उजव्यानं दोरी ओढल्यासारखं केलं.

“आता बघ.”

“आता तर कानालाच लागला की!”

मास्तर दोन वर्षं हेच ओरडत होते. पण मास्तरांच्या ओरडण्यात ‘खाली’ होतं, ‘का’ नव्हतं. हरिबाला एकदम आठवलं ते सहाव्या-सातव्या वर्षाचं. डाव्या खांद्यावर अंगापेक्षा जड घोंगडं, उजव्या हातात काठी, आणि मागून येणारा बाप. घोंगड्यावर देव बसवतात, घोंगड्यावर भंडारा उधळतात. ते खांद्यावरून घसरून मातीला लागणं बापाच्या लेखी गुन्हा होता. घसरलं की पोटरीवर काठी बसायची. पळताना, वाकताना, मेंढरू ओढताना, ओढा ओलांडताना, खांदा वर धरायचा. असा खांदा ज्याला नाही तो धनगराचा पोरगाच नव्हे, असं बाप चारचौघांत म्हणायचा. आणि हरिबाचा खांदा बघून त्याला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“दोन वर्षं मी घसा फोडतोय! आणि तुला बायकोनं सांगितल्यावर कळलं?”

“कळलं मास्तर. पर खाली कसा ठिवायचा, ते न्हाय कळलं.”

मास्तरांनी मिशी ओढली. मग म्हणाले, “घोंगडं आण. खांद्यावर ठेव. दोरी ओढ. घोंगडं खाली पडलं तर तुझं बरोबर. खांद्यावर राहिलं तर चूक.”

“खाली? मातीत?”

“मग काय गादीवर?”

हरिबानं नाही म्हटलं. तिथल्या तिथं. दुसरं काही करतो म्हणाला. पोतं टाकून बघितलं. पोत्याला त्याचा खांदा ओळखच देईना, काही फरकच पडेना. म्हाळसाबाईचं जुनं लुगडं घडी घालून टाकलं, ते ओढायच्या आधीच घसरलं. तीन दिवस असे फुकट गेले. चौथ्या दिवशी पहाटे तो मुकाट्यानं ट्रंकेपाशी जाऊन बसला.

“म्या धरते की,” म्हाळसाबाई म्हणाली. “तुमी पाडा. म्या मागं हाय. मातीला लागू देत न्हाय.”

चाळीच्या मागं, नळाच्या पलीकडं एक मोकळी पट्टी होती. तिथं उजाडताना हरिबा बांबूचं हलकं धनुष्य घेऊन उभा राहायचा, बाण न लावता. मागं म्हाळसाबाई पदर खोचून, दोन्ही हात पुढं करून. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नवऱ्याला धरायला उभी आहे, आता पडेल मग पडेल म्हणून.

“सोडा.”

“सोडतो की.”

“कुटं सोडताय? घट धरून ऱ्हायलाय.”

“म्या न्हाय धरला. त्यो धरतोय.”

“मग त्याला सांगा.”

पहिल्या दिवशी एकदाही पडलं नाही. खांदा सोडायचा म्हटलं की पोटरीची कातडी आवळून यायची. अजून, चाळिसाव्या वर्षी! हरिबाला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं धनुष्य नळावर आपटलं, आणि पाण्याला आलेली शेजारची काशम्मा घागर तशीच टाकून आत गेली. दुसऱ्या दिवशी एकदा पडलं, तेही शिंक आली म्हणून. पाचव्या दिवशी एकामागून एक चार वेळा घसरलं, चारी वेळा म्हाळसाबाईनं ते वरच्या वर झेललं. आणि चौथ्या वेळी हरिबाच्या लक्षात आलं की धनुष्य धरून हात समोर ताणलेला आहे आणि खांद्यात कळ नाही. टोचलं नाही. नुसतं पाठीत, खांद्याच्या फऱ्याखाली, काहीतरी जड वजन पेलल्यासारखं वाटतंय.

“म्हाळसे,” तो मागं न बघता म्हणाला. “दुकत न्हाय गं.”

“मग उबं का? आनखी करा. कांड्या पडल्यात माज्या.”

आता सगळं सुरळीत होईल असं हरिबाला वाटलं. माळावर गेला, कलकत्त्याचं धनुष्य घेतलं, खांदा खाली ठेवला, पिवळ्यावर नेम धरला आणि बाण सोडला. बाण गवताच्या भाऱ्यावरून, मागच्या बाभळीवरून, कुणाच्या तरी तुरीत गेला.

दुसराही तुरीत.

तिप्पण्णा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “वा! खांदा उतरला आन् बाण चढला.”

मास्तरांना कारण लगेच कळलं. इतके दिवस खांदा वर असल्यानं दोरी पूर्ण ओढली जात नव्हती, बाण कमजोर सुटायचा, आणि हरिबाला न कळत नेम वर धरायची सवय लागली होती. आता दोरी पुरती ओढली जात होती, बाणाला जोर आला होता, आणि नेम तसाच वर. म्हणजे दोन वर्षांत डोळ्यानं जे जे शिकून ठेवलं होतं, ते सगळं आता चुकीचं. एक चूक काढली तर तिच्यावर रचलेलं सगळंच ढासळलं.

“पुन्हा पहिल्यापासून,” मास्तर म्हणाले.

“पंधरा दिवस ऱ्हायले, मास्तर!”

“मग बोलतोस कशाला? मार.”

ते पंधरा दिवस हरिबा माणसात नव्हता. नेम खाली धरला की बाण भाऱ्याच्या बुडात. जरा वर धरला की तुरीत. नेम बरोबर धरावा तर खांदा वर गेलेला. खांदा बघावा तर बोटं दोरी वेडीवाकडी सोडणार. एका वेळी दोन गोष्टींकडं लक्ष म्हणजे कळपाच्या दोन्ही टोकांना एकट्यानं राखण. या टोकाला गेलं की त्या टोकाचं मेंढरू रानात. एकदा सलग सात बाण वाया गेल्यावर त्यानं कलकत्त्याचं धनुष्य जमिनीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. 

मास्तरांनी ते उचललं, धोतरानं पुसलं. ओरडले नाहीत. त्यामुळं जास्त भीती वाटली.

“दोन दिवस येऊ नको,” म्हणाले.

“मास्तर, निवड—”

“दोन दिवस.”

पंधरातले दोन असे गेले. घरी येऊन हरिबा भाकरीवर रागावला, चरख्याच्या आवाजावर रागावला, शेवटी म्हाळसाबाईवर.

“आदीचं बरं व्हतं. दुकायचं, पर धा बाण तरी धड लागायचे. तुज्या घोंगड्यानं ते बी घालवलं.”

“माजं घोंगडं? तुमच्या बाचं हाय ते.” तिनं चरखा थांबवला नाही. “आन् परत वर घ्यायचा आसंल तर घ्या की खांदा. वाट ठावी हाय तुमाला.”

त्यानं घेतला नाही. दोन दिवस पहाटे नळामागं जाऊन नुसतं घोंगडं पाडत राहिला. ती झेलत राहिली.

निवड अष्टमीला ठेवली होती. खंडेनवमीला तालमीतली सगळी शस्त्रं पूजेला मांडायची, ती दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत कुणी उचलायची नाहीत, हा तालमीचा नेम. म्हणून जे काय व्हायचं ते अष्टमीला सकाळीच. सहा-सहा बाणांच्या सहा फेऱ्या. दर फेरीला चार मिनिटं, मास्तरांच्या मनगटावरच्या घड्याळानं. शिट्टी झाली की धनुष्य खाली. आणि मास्तरांनी हरिबाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन एकच सांगितलं होतं: “चढलेल्या खांद्यानं बाण सोडायचा नाही. चढला असं वाटलं की दोरी सैल सोड, धनुष्य उतरव, श्वास घे, पुन्हा ओढ.”

पहिल्या फेरीला तिप्पण्णा पुढं. दुसरीला बरोबरी. तिसऱ्या फेरीत हरिबाचं असं काही जमलं की बघणारे दोन पावलं पुढं सरकले. खांदा आपोआप उतरत होता, जणू मागं कुणी झेलायला उभं आहे. अठरा बाण झाले आणि खांदा बोलला नाही. चोवीस झाले. पाचव्या फेरीअखेर मास्तरांनी मोठ्यानं वाचलं: “तिप्पण्णा, एकशे ब्याऐंशी. हरिबा, एकशे अठ्ठ्याऐंशी.”

तिप्पण्णानं या वेळी काही चेष्टा केली नाही. ओठ चाटले आणि बाण मोजले.

शेवटच्या फेरीत हरिबाचा पहिला बाण सातात बसला. दुसऱ्याला दोरी ओढली आणि पोटरी आवळली. पुणं आठवलं, फळा आठवला, आणि खांदा वर. त्यानं दोरी सैल सोडली, धनुष्य उतरवलं. पुन्हा ओढली. पाच. तिसऱ्याला पुन्हा तेच. उतरवलं. पुन्हा चढला. पुन्हा उतरवलं. सहा. बाजूला तिप्पण्णा ठोक-ठोक करीत आपले बाण मारत होता, हातमागाच्या ठेक्यात. त्याचे सहा संपले. हरिबाचा चौथा चारात गेला, पाचवा पाचात.

सहावा लावला. खांद्यात आता कळ नव्हती, नुसता थकवा होता, पण थकलेला खांदा आपल्या जुन्या जागी जाऊन बसत होता. ओढलं, वर. उतरवलं. ओढलं, वर. समोर पिवळं डोळ्यांसमोर स्थिर होतं. बोटं सोडायचीच काय ती बाकी. बाण भाऱ्याला कुठं ना कुठं लागलाच असता. जाणूनबुजून उतरवलं की हातानंच उतरवलं, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. पण धनुष्य खाली आलं, आणि शिट्टी झाली.

मास्तरांनी दोनदा बेरीज केली. “तिप्पण्णा, दोनशे सतरा. हरिबा, दोनशे पंधरा.”

“अरं, मारायचा की रं कसा बी!” तिप्पण्णाच ओरडला, जसा काही तोच हरला होता. “तीनचा लागला असता तरी पुण्याला तू व्हतास! हातात बाण धरून शिट्टी आयकलीस व्हय?”

हरिबा मास्तरांकडं बघत होता. मास्तर म्हणाले, “खांदा खाली होता. वेळ संपली होती.” एवढंच. आणि वहीत तिप्पण्णाचं नाव लिहिलं.

सायकल हातात धरून तो माळावरून घरापर्यंत चालत आला. साखळी शाबूत होती तरी. मनात एकच घोळत होतं, तीनचा घेर. तीनचा घेर म्हणजे केवढा! आंधळ्यानं मारला तरी लागेल. घरात शिरला तेव्हा त्याच्या हातात तो सहावा बाण तसाच होता. तालमीत परत द्यायचंही भान राहिलं नव्हतं.

म्हाळसाबाईनं तोंड बघितलं आणि काय झालं ते विचारलं नाही. “कितीनं?” एवढंच विचारलं.

“दोननं. आन् एक बाण मारलाच न्हाय.” मग तो फुटला. “तुज्यापायी! खांदा वर, खांदा खाली, खांदा वर! एकदा मारला असता डोळं झाकून तर—”

“मग मारायचा की. म्या काय हात धरला व्हता तुमचा?”

 तो तणतणत शर्टाची बटणं काढायला लागला. उजवा हात काढला, डावा काढला, शर्ट खुंटीला अडकवला. खुंटी उंच होती, दाराच्या वर. म्हाळसाबाई चरख्यावरून बघत राहिली. गेल्या माघापासून ती खुंटी तिचीच झाली होती. हरिबाच्या तर ते लक्षातही आलं नाही. तो अजून तीनच्या घेरावरच होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तिनं चरखा धुऊन पुसून देवापुढं मांडला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हरिबाचा बाण कोपऱ्यात टेकवलेला होता, तोही उचलून तिनं चरख्याजवळ आडवा ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं.

“ए, त्यो तालमीचा हाय. परत द्यायचा हाय.”

“पूजेला बसलाय आता. सोनं लुटून झाल्याबिगर उचलता यायचा न्हाय.”

“परवा उचलंन. परवा मारतो माळावर.”

“पुण्याला तर तिप्पन्ना चाललाय.”

“पुणं जाऊ दे गं! एक बाण मारायचा ऱ्हायलाय माजा.”

हे तो इतक्या चिडून म्हणाला की तिला हसू आलं, ते तिनं पदराआड केलं. हरिबा खोलीत दोन फेऱ्या मारून आला. बाणाकडं बघितलं. बाण कुंकू लावून निवांत पडला होता. काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यानं ट्रंक उघडली.

“आता काय?”

“बाण पूजेला बसलाय. घोंगडं कुटं बसलंय?” घडी खांद्यावर टाकत, कपड्यांचा बांबू उचलत तो दाराबाहेर पडला, नळाच्या अंगाला. “चल, उबी ऱ्हा मागं.”